ताईंना विचारा

धाकटीला जुलाब लागले होते. आधीच्या दवाखान्यात "तुम्हा लोकांना सांगून काय उपयोग" म्हणत ओआरएसचं पाकीट हातात टेकवलं. आम्ही ते अख्खं पेलाभर पाण्यात कालवलं. त्यानं मीठ जास्त होऊन मुलाला अपाय होतो, हे दुसऱ्या डॉक्टरांकडे कळलं. मी अँटिबायोटिक मागत होतो, ते बुरख्यातल्या माझ्या पत्नीला विचारत होते, "ताई, शौचात रक्त नाही ना? लघवी कितीदा झाली?" एक लिटर पाण्यात एक पाकीट, झिंक १४ दिवस, हे त्यांनी तिच्याकडूनच वदवून घेतलं. रात्रभर चमच्या-चमच्यानं पाजणार तीच होती. आईशी इज्जतीनं बोलणं ही मेहरबानी नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.