विश्लेषण : खेळ, चित्रकला, तबल्याचे वाढीव गुण दहावीत कोणाच्या पदरात पडतात?

दहावीचा निकाल लागला की टक्केवारीच्या चर्चेत एक प्रश्न हमखास निघतो. वर्गात दोघांचा अभ्यास सारखाच, मग एकाला ९० टक्के आणि दुसऱ्याला ९५ टक्के कसे? उत्तर अनेकदा पुस्तकात नसते. ते मैदानावर, चित्रकलेच्या वर्गात किंवा तबल्याच्या शिकवणीत असते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना खेळ आणि कलांसाठी वाढीव गुण मिळतात. मुलांच्या आवडीला शाळेने मान द्यावा, हा त्यामागचा हेतू. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना त्यात खटकते ते वेगळेच. आवड सगळ्यांना असते, गुण मात्र काहींनाच मिळतात.

वाढीव गुण नेमके कशाचे?

इंटरमिजिएट ग्रेड चित्रकला परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळवणाऱ्याला ७, ‘बी’ला ५ आणि ‘सी’ला ३ गुण मिळतात. ही परीक्षा राज्याचे कला संचालनालय घेते. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा उत्तीर्ण झाल्यास १० आणि पाच परीक्षा उत्तीर्ण झाल्यास १५ गुण मिळतात. लोककलांचाही या योजनेत समावेश आहे. खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार गुण दिले जातात आणि ते जास्तीत जास्त २५ असतात. शाळेने प्रस्ताव तयार करायचा, त्यासोबत प्रमाणपत्रे जोडायची आणि तो मुदतीत मंडळाकडे पोहोचवायचा, अशी ही पद्धत आहे. खेळाडूंच्या प्रस्तावाला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची शिफारस लागते.

टक्केवारीत किती फरक पडतो?

दहावीचे सहा विषय ६०० गुणांचे असतात. टक्केवारी मात्र सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी काढली जाते. हीच ‘बेस्ट फाइव्ह’ पद्धत. समजा, एखाद्या मुलीला ५०० पैकी ४५२ गुण मिळाले, तर तिचे ९०.४ टक्के होतात. चित्रकलेचे ७ गुण मिळाले की ९१.८ टक्के, शास्त्रीय कलेचे १५ मिळाले तर ९३.४ टक्के आणि खेळाचे पूर्ण २५ मिळाले तर थेट ९५.४ टक्के. नामांकित कनिष्ठ महाविद्यालयाच्या अकरावीच्या ‘कट-ऑफ’मध्ये अर्ध्या टक्क्यानेही प्रवेश हुकतो. तिथे पाच टक्के म्हणजे वेगळे महाविद्यालयच.

मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात १५ लाख ४६ हजार ५७९ नियमित विद्यार्थ्यांपैकी १४ लाख ५५ हजार ४३३ उत्तीर्ण झाले, म्हणजे ९४.१० टक्के. त्यातील २११ जणांना १०० टक्के गुण होते आणि त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातील होते. अशा निकालांना ‘बेस्ट फाइव्ह’ आणि वाढीव गुण या दोन्हींचा हातभार लागतो.

मग यात अन्याय कुठे?

कष्टांबद्दल वाद नाही. कबड्डीच्या सरावासाठी पहाटे पाचला उठणारा मुलगा किंवा सहा-सात वर्षे कथक शिकणारी मुलगी यांना हे गुण फुकट मिळत नाहीत. सरावात गेलेला वेळ अभ्यासातूनच वजा होतो. प्रश्न आहे तो संधीचा. शास्त्रीय संगीताच्या पाच परीक्षा द्यायच्या तर साधारण पाचवी-सहावीपासून शिकवणी हवी, वाद्य हवे, परीक्षेचे शुल्क भरायला हवे आणि केंद्रापर्यंत नेणारे कोणीतरी हवे. पुणे, ठाणे, नागपूरसारख्या शहरांत हे जमते. वाडी-तांड्यावरून तालुक्याच्या शाळेत एसटीने ये-जा करणाऱ्या मुलाला, मुक्कामाची गाडी चुकू नये म्हणून, शाळेनंतर मैदानावर थांबणेही परवडत नाही.

दुसरी अडचण यादीची. तबला यादीत आहे, पक्षीनिरीक्षण नाही. मोबाइलसाठी ॲप तयार करणारा, वडिलांच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलून जोडणारा, गावच्या वाचनालयातील पुस्तके वाचून संपवणारा यांची आवड कुठल्याच प्रमाणपत्रात बसत नाही. पाणी भरणे, भावंडे सांभाळणे यात ज्या मुलींची संध्याकाळ जाते, त्यांचा तर छंदाचा वेळच कापला जातो.

शाळा ही संधी का देत नाही?

याचे एक मूळ कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक बंधनकारक आहेत. पण विद्यार्थिसंख्या शंभरहून अधिक असेल तरच. त्यामुळे लहान गावांतील कमी पटाच्या शाळांना चित्रकला किंवा खेळाचा स्वतंत्र शिक्षक मिळण्याची कायदेशीर हमीच नाही. ज्या वयात आवड रुजते, त्याच वयात शिकवणारा नसतो. आणि दहावीत त्याच आवडीचे गुण मोजले जातात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको असे सांगते. ती भिंत पाडायला आधी माणसे लागतात.

इतर मंडळांत काय होते?

सीबीएसईत खेळासाठी दहावीच्या गुणांत अशी भर पडत नाही. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे परीक्षा चुकणाऱ्या खेळाडूची परीक्षा नंतर घेण्याची सोय आहे. दोन्हींमागील विचार वेगळा आहे. एकीकडे खेळामुळे झालेले नुकसान भरून काढले जाते, तर दुसरीकडे यशाचे बक्षीस दिले जाते. अडचण अशी, की अकरावीला दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच गुणवत्ता यादीत येतात. मंडळांमधील ही तुलना यापूर्वीही न्यायालयात गेली आहे. ‘बेस्ट फाइव्ह’ २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले होते, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी आखलेली सामाईक प्रवेश परीक्षाही उच्च न्यायालयाने रद्द ठरवली.

गुण बंद करणे हा उपाय आहे का?

नाही, आणि त्याचा पहिला फटका गरीब खेळाडूलाच बसेल. शिकवणी न परवडणाऱ्या अनेक मुलांसाठी कबड्डी, खो-खो, कुस्ती हीच गुण वाढवण्याची एकमेव वाट आहे. लोककलावंतांच्या घरातील मुलांना घरच्या कलेची शाळेत पहिल्यांदा किंमत मिळते तीही यातूनच. शिवाय हे गुण गेले तर ‘आता दहावी आहे, खेळ बंद’ हे वाक्य घराघरांत आणखी मोठ्याने ऐकू येईल.

हे गुण ठेवूनही ते अधिक न्याय्य करता येतील. कमी पटाच्या चार-पाच शाळांना मिळून एक कलाशिक्षक आणि एक क्रीडाशिक्षक देता येईल. ग्रेड परीक्षेचे केंद्र जवळ आणता येईल, शुल्क माफ करता येईल. प्रस्ताव शाळेकडून वेळेत न गेल्याने विद्यार्थ्याचे गुण बुडू नयेत, यासाठी त्याला स्वतः अर्ज करण्याची आणि त्याची स्थिती पाहण्याची मुभा देता येईल. मुलांची तक्रार गुणांबद्दल कमी आणि सुरुवातीच्या रेषेबद्दल जास्त आहे. शर्यतीचा निकाल सगळ्यांना एकाच दिवशी लागतो. पायात बूट मात्र काहींच्याच असतात.