एका ‘मस्ट’ची गोष्ट

आमच्या शेजारच्या काकूंची सून चेन्नईची. मुलगा-सून राहतात बंगळुरूला. सासूला तमिळ येत नाही, सुनेला मराठी. तेव्हा दोघींचे सारे बोलणे इंग्रजीवर भागते. गेल्या दिवाळीत सुनेला सातवा महिना होता. प्रवासाची दगदग नको, म्हणून काकूंनी मोठ्या मायेने फोनवर संदेश धाडला : ‘यू मस्ट नॉट कम फॉर दिवाळी.’

आठ दिवस सुनेचा फोन नाही! काकू रडकुंडीला येऊन आमच्याकडे आल्या. “अहो, माझं चुकलं तरी काय?”

चुकले होते ते ‘मस्ट’पाशी. शाळेत आपण घोकले, ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजेच’. मग ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘पाहिजेच असे नाही’, हा हिशेब कोणीही मांडील. पण इंग्रजीत हा नकार सक्तीला लागत नाही, पुढच्या क्रियेला लागतो. सक्ती कायम, आणि ती न येण्याची! काकूंनी सुनेला चक्क ‘येता कामा नये’ असे बजावले होते. त्यांना म्हणायचे होते ते ‘नीड नॉट’ किंवा ‘डोन्ट हॅव टु’.

काकूंनी वाईट वाटून घेऊ नये. जर्मन भाषेत ‘मस्ट’चा सख्खा भाऊ आहे, ‘म्युसन’. त्याला नकार जोडला की अर्थ होतो ‘गरज नाही’. त्यामुळे इंग्रजी बोलताना जर्मन माणूसही नेमका इथेच घसरतो. आणि गंमत अशी, की हा ‘मस्ट’ ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचे भूतकाळी रूप, त्याचा अर्थ होता ‘मुभा असणे’! आज मात्र सक्तीच्या अर्थी त्याला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘काल जावे लागले’ म्हणायचे तर ‘हॅड टु’ उसना आणावा लागतो.

आम्ही काकूंना नवा संदेश लिहून दिला : ‘तुला त्रास नको, एवढेच म्हणायचे होते.’ तासाभरात उत्तर आले : ‘अम्मा, यू मस्ट कम हिअर!’

काकू पुन्हा धास्तावल्या. “आता ही कसली सक्ती?”

“काकू,” आम्ही म्हटले, “हा ‘मस्ट’ आग्रहाचा. पंक्तीत तुम्ही जिलबी वाढता ना, तसा.”

काकूंनी डोळे पुसले आणि मुलाला तिकीट काढायला सांगितले.