पावती फाडून झाल्यावर

आपल्याकडे देणाऱ्यांची कमतरता नाही. मंडळाच्या गणपतीत दानपेटीशेजारी गिफ्ट एडचे फॉर्म ठेवले की आरती संपेपर्यंत गठ्ठा संपतो. पौंडामागे सरकार पंचवीस पेन्सची भर घालतं, हे आपल्या हिशेबी मनाला फार पटतं. गावाकडच्या शाळेला, कोकणातल्या पूरग्रस्तांना, इथल्या हॉस्पिसला, सगळ्यांना आपण देतो. पण ‘आमच्या संस्थेचे विश्वस्त व्हाल का?’ असं कुणी विचारलं की आपल्याला एकदम नोकरीतली धावपळ आठवते. पैसे घ्या, पण मीटिंगला बोलावू नका! त्यातून ती संस्था मराठी नसेल, गावातल्या पोरांसाठी चर्चच्या हॉलमध्ये चालणारा एखादा यूथ क्लब असेल, तर विषयच संपला.

माझं म्हणणं असं, की ब्रिटनमधल्या मराठी माणसाने आता नेमकं हेच काम अंगावर घ्यावं. त्यापायी देणगी थोडी कमी झाली तरी चालेल.

आपली मुलं याच गावांत वाढतात. चौदाव्या वर्षी ती ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराच्या ब्राँझला नाव घालतात. १९५६ साली सुरू झालेला हा उपक्रम आता आपल्या घरांत दहावीच्या क्लासइतका गृहीत धरलेला असतो. पाठीवर बोजा घेऊन चिखलातून चालायचं असतं, शिवाय समाजसेवेचे तास भरायचे असतात, आणि ते तास अनेकदा अशाच एखाद्या छोट्या संस्थेत भरले जातात. पुढे युनिव्हर्सिटीच्या अर्जात त्यावर एक परिच्छेद होतो. तो क्लब कोण चालवतं, भाडं कोण भरतं, हे मात्र आपण विचारत नाही. दरम्यान वायएमसीएच्या पाहण्यांनुसार इंग्लंडमधल्या कौन्सिलांचा युवासेवांवरचा खर्च २०१०-११ नंतरच्या दशकात, महागाई धरून, सत्तर टक्क्यांच्या आसपास घटला. कौन्सिलने हात काढून घेतला तिथे उरल्या त्या दोन अर्धवेळ यूथ वर्कर आणि पाच-सहा विश्वस्तांच्या बळावर तग धरणाऱ्या संस्था.

हे विश्वस्त कोण असतात? चॅरिटी कमिशनने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंड आणि वेल्समधल्या विश्वस्तांचं सरासरी वय ६१ निघालं. जवळजवळ दोन तृतीयांश पुरुष, ९२ टक्के गोरे, आणि बहुतेक जण ओळखीपाळखीतून आलेले. माणसं वाईट नाहीत. पण एकाच गोल्फ क्लबातून आलेल्या पाच जणांनी गावातल्या सोमाली, पंजाबी, पोलिश, मराठी मुलांचे शुक्रवार ठरवावेत, हे काही बरोबर नाही. आणि आपण टेबलाशी बसायलाच जात नसू, तर तक्रार तरी कशाची करायची?

‘पण विश्वस्त करतात काय? सह्याच ना?’ हा प्रश्न मला हमखास येतो. त्याचं उत्तर ‘किड्स कंपनी’च्या गोष्टीत आहे. १९९६ साली कमिला बॅटमॅनगेलिज यांनी दक्षिण लंडनमध्ये ही संस्था काढली. दाराशी आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही, हे ब्रीद. बाई विलक्षण होत्या. मंत्र्यांपासून गायकांपर्यंत सगळे त्यांच्या शब्दाखातर पैसे देत. वर्षानुवर्षं मिळून सरकारी अनुदानच चार कोटी पौंडांच्या वर गेलं. विश्वस्तांचं अध्यक्षपद बीबीसीतले बडे अधिकारी अॅलन येंटॉब यांच्याकडे दशकाहून जास्त काळ होतं. मुलं वाढत गेली, खर्च वाढत गेला, गंगाजळी मात्र कधी साठलीच नाही. २०१५ च्या जुलैअखेरीस सरकारने पुनर्रचनेसाठी आणखी तीस लाख पौंड दिले. त्याच दिवसांत मुलांच्या सुरक्षिततेबाबत आरोप झाले, येऊ घातलेल्या देणग्या आटल्या, आणि ५ ऑगस्टला संस्थेला कुलूप लागलं. पोलिसांना त्या आरोपांत गुन्ह्याचा पुरावा सापडला नाही. पण हे कळायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर मुलं रस्त्यावर आणि कर्मचारी घरी.

पुढचा भाग आपल्या कामाचा. विश्वस्तांना कंपनीच्या संचालकपदासाठी अपात्र ठरवावं म्हणून सरकारी अवसायकाने खटला भरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि लायक माणसं या कामापासून दूर पळतील असं सरकारी यंत्रणांनी वागू नये, अशा अर्थाची तंबीही दिली. वर्षभराने चॅरिटी कमिशनचा अहवाल आला. कर्मचाऱ्यांचे पगार आणि कर वेळेवर न दिल्याबद्दल त्यात गैरव्यवस्थापनाचा ठपका होता. लोक म्हणतात, यातलं एक काहीतरी खरं असणार. मला दोन्ही खरं वाटतं. प्रामाणिक, हुशार, बिनपगारी माणसं होती ती. त्यांना शिक्षा झाली नाही हे योग्यच झालं. पण ‘मुलं आणखी घेऊ, पण आधी तीन महिन्यांचे पगार बँकेत राहू देत’ हा निर्णय त्या टेबलावर वर्षानुवर्षं तडीला गेला नाही, हेही तितकंच खरं.

अशी वाक्यं बोलणं आणि तडीला नेणं म्हणजेच विश्वस्ताचं काम. इथे आपली अडचण होते ती भिडेची. ऑफिसात समोरच्याच्या तक्त्यात चूक काढायला आपण मागेपुढे पाहत नाही. हॉस्पिटलात, बँकेत, आयटीत आपली माणसं जोखमीच्या याद्या करण्यात आयुष्य घालवतात. पण समोर कुणी पंचवीस वर्षं पोरांसाठी झटलेली बाई बसली की तिला हिशेब विचारणं आपल्याला अपमानासारखं वाटतं. ‘व्हेरी गुड वर्क’ म्हणून आपण बिस्किट उचलतो. भीड ही भिकेची बहीण असं आपल्या आज्या म्हणत. संस्थांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरतं.

मी विश्वस्त म्हणून बसते त्या यूथ क्लबच्या बोर्डाच्या सभा वर्षातून पाच-सहा संध्याकाळी होतात. पैशांचे प्रश्न लवकर सुचायला लागतात: लीज कधी संपते, अनुदान एकाच ठिकाणाहून किती येतं, यूथ वर्कर सोडून गेली तर क्लब उघडणार कोण. अवघड प्रश्न वेगळे असतात. तिमाही अहवालात ‘मुलांच्या सुरक्षिततेबाबत चिंतेच्या नोंदी: शून्य’ असं लिहून आलं की सगळ्यांना हायसं वाटतं. मला काळजी वाटते. आठवड्याला चाळीस पोरं येणाऱ्या क्लबात तीन महिन्यांत कुणाच्या अंगावर वळ दिसला नाही, कुणी घरी जायला घाबरलं नाही, कुणी उपाशी आलं नाही? तसं असेल तर उत्तमच. पण बहुधा कुणी लिहून ठेवलेलं नसतं, किंवा लिहायचं कुठे हे नव्या स्वयंसेवकाला कुणी सांगितलेलं नसतं. शून्याचं कारण विचारणारा एक माणूस टेबलाशी लागतो. आपल्या डॉक्टर-नर्स मंडळींना या गोष्टीचं रीतसर प्रशिक्षण असतं, आणि ते नोकरीबाहेर कुठे वापरलं जात नाही.

उलट टोकही आपल्याला अपरिचित नाही. कार्यकारिणीत गेलो की खुर्च्या कशा मांडायच्या इथपासून आपण हात घालतो. विश्वस्ताने क्लब चालवायचा नसतो, नीट चालतोय ना हे पाहायचं असतं. टेबलटेनिसची जाळी कुठली घ्यायची, हे यूथ वर्करला कळतं.

भीती असते ती कायद्याची. संस्था कंपनीच्या किंवा सीआयओच्या (चॅरिटेबल इन्कॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन) स्वरूपात नोंदलेली असेल तर विश्वस्ताची जबाबदारी मर्यादित असते. साधी, अनिगमित संस्था असेल तर कर्ज आणि करारांचा भार वैयक्तिक अंगावर येऊ शकतो. म्हणून होकार देण्याआधी घटना आणि ताळेबंद मागा. मागितल्यावर तोंड वाकडं करणाऱ्या संस्थेत जाऊच नका. मोबदला सहसा मिळत नाही, प्रवासखर्च मिळतो. (शाळेच्या गव्हर्नरला नोकरीतून वेळ मागण्याचा हक्क कायद्याने आहे, चॅरिटीच्या विश्वस्ताला नाही. हा अन्याय आहे, पण त्यावर रुसून बसण्यात अर्थ नाही.)

आणखी एक. कंपनी किंवा सीआयओ असलेल्या संस्थेत सोळाव्या वर्षी विश्वस्त होता येतं. आपल्या बारावीतल्या मुलांनी याचा विचार का करू नये? मात्र एकटं पोर शोभेला बसवू नये. दोघं घ्यावीत, कागद आठवडाभर आधी द्यावेत, आणि ए-लेव्हलच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सभा ठेवू नये.

‘मंडळालाच माणसं मिळत नाहीत, बाहेर कुठे पाठवता?’ असं आमचे खजिनदार म्हणतील. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे. मराठी संस्था टिकवायची असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण बाहेरच्या टेबलावर हिशेब विचारायला शिकलेला माणूस मंडळाच्या वार्षिक सभेत नुसत्या टाळ्या वाजवणार नाही, आणि खजिनदारांना खरं तर तेच हवं असावं.

चॅरिटी कमिशनची नोंदवही सगळ्यांना खुली आहे. आपल्या गावातल्या यूथ क्लबचं नाव त्यात शोधा. विश्वस्तांची नावं, उत्पन्न, खर्च दिसेल; वर्षाचं उत्पन्न पंचवीस हजार पौंडांच्या वर असेल तर जमाखर्चही वाचायला मिळेल. तो वाचताना दोन प्रश्न पडले, तर ते लिहून अध्यक्षांना ईमेल करा आणि शेवटी विचारा, तुमच्याकडे एखादी जागा रिकामी आहे का.