शिक्षा दहा वर्षांची, प्रशिक्षण 15 तासांचे

9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ला पश्चिमेला बेस्टची इलेक्ट्रिक बस बाजारातल्या गर्दीत घुसली. अनेक जीव गेले, चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. चालक कंत्राटदाराकडचा होता. त्याच्यावर लगेच गुन्हा दाखल झाला. गिअर-क्लच नसलेली ही लांबलचक बस चालवायला त्याला किती दिवस शिकवले होते, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. आम्हाला तोच प्रश्न आधीचा वाटतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. व्यावसायिक गाडी चालवायला वय 20 पूर्ण हवे. त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हातात असावे लागते. ड्रायव्हिंग स्कूलचे फॉर्म 5 हे प्रमाणपत्रही सक्तीचे आहे. त्यासाठी नियमात तीस दिवसांचा काळ आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवरचे किमान 15 तास सांगितले आहेत. कागदावर एवढेच, आणि अनेकदा तेवढेही कागदावरच राहते. पैसे भरले की फॉर्म 5 मिळतो, हे वस्तीतल्या कोणत्याही पोराला विचारा. खरे शिक्षण होते ते क्लीनरच्या सीटवर. उस्तादाच्या शिव्या खात, टायर बदलत, रात्री रिकाम्या रस्त्यावर त्याला डुलकी लागली की स्टेअरिंग धरत. उस्तादाच्या खोडीही त्यातच शिकल्या जातात.

2019 मध्ये आठवी पासची अट काढली गेली. ते बरेच झाले, असे आमचे मत आहे. शाळा सुटलेल्या मुलांना ती अट कायमचे दाराबाहेर ठेवत होती. त्या वेळी सरकारने सांगितले होते की शाळेच्या दाखल्यापेक्षा कौशल्य आणि प्रशिक्षणावर भर देऊ. मग 1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. जड वाहनासाठी सहा आठवडे, 38 तास. सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक हवा. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत वाहन चालवण्याच्या चाचणीतून सूट. नियम चांगला आहे. पण ही वाट ऐच्छिक आहे, आणि जड वाहनाच्या केंद्राला दोन एकर जागा लागते. अशी केंद्रे तालुक्याच्या गावी कोण उभारणार? फी भरून सहा आठवडे मजुरी बुडवणे परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या खेड्यातल्या मुलाला परवडत नाही. म्हणजे 38 तास ज्याला परवडतात त्याला, बाकीच्यांना उस्ताद.

त्यात नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते. विमा कंपन्या भरपाई नाकारत होत्या, त्या दृष्टीने निकाल दिलासा देणारा आहे. पण कार शिकलेला मुलगा भरलेल्या टेम्पोवर बसतो, तेव्हा घाटातल्या उतारावर ब्रेक कसे सांभाळायचे ते त्याला कोणी शिकवलेले नसते.

शिक्षेच्या बाबतीत मात्र सरकारची घाई पाहण्यासारखी होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली. जानेवारी 2024 च्या संपामुळे ते कलम लागू झाले नाही, एवढेच. पळून जाणे चूकच. पण जमावाच्या हातून मार खाण्याची भीती, झोपेविना काढलेल्या रात्री, मालकाचा फोनवरचा तगादा, याबद्दल त्या कलमात काही नाही. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा 2025 पर्यंत दिवसाला आठ तास सांगत होता. तो किती ट्रकमालकांनी पाळला?

आपल्या वस्त्यांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका उभ्या राहिल्या याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच गल्लीतला टेम्पो चालवणारा मुलगा मात्र आपल्या निवेदनांत कुठे दिसत नाही. गाडी घ्यायला महामंडळाचे कर्ज मिळावे म्हणून आपण मोर्चे काढतो. गाडी नीट शिकण्यासाठी 38 तासांची फी आणि सहा आठवड्यांचे विद्यावेतन समाजकल्याण विभागाने द्यावे, ही मागणी तितक्याच जोराने व्हायला हवी.

एक काम लगेच करता येईल. प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलला शिकाऊ चालकाने किती तास गाडी चालवली याची नोंद फॉर्म 15 मध्ये ठेवावी लागते. स्कूलवर देखरेख आरटीओची असते. आपल्या जिल्ह्यातल्या स्कूलची ही नोंदवही शेवटची कधी तपासली, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाची फी दहा रुपये आहे.