साकोलीच्या पाऊलवाटा नकाशावर आणा

मधुमेहाचे निदान झाले की डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि वर सांगतात, रोज अर्धा तास चाला. गोळी औषधाच्या दुकानात मिळते. चालायचे कुठे, हे मात्र कोणी लिहून देत नाही. महामार्गालगत वाढलेल्या गावांत याचे उत्तर बहुधा एकच असते : महामार्ग, नाहीतर त्याच्या कडेचा सेवा रस्ता. पहाटेच्या अंधारात, ट्रकच्या दिव्यांच्या झोतात, डिझेलचा धूर छातीत घेत. मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या साकोलीने हा प्रश्न आताच हाती घ्यायला हवा, कारण तो सोडवण्याची सामग्री या गावाकडे आजही आहे. आणखी दहा वर्षांनी ती असेलच असे नाही.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींवर गेली आहे, प्रमाण ११.४ टक्के. आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून माघारी फिरता येते, म्हणून हा दुसरा आकडा जास्त मोलाचा. स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे पाय हलवले तरी साखरेची उसळी कमी होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. वेगळा वेळ काढून, बूट घालून, मैदानावर जाऊन ही मिनिटे भरणारे थोडेच. कामाला, शाळेत, बाजारात जाता-येता ती भरणारे बरेच होऊ शकतात. नागपूर-पुण्यात हे अवघड आहे, कारण तिथे कामाची जागा दहा-पंधरा किलोमीटरवर. साकोली आणि सेंदूरवाफा मिळून झालेल्या नगरपरिषदेच्या हद्दीत घर, शाळा, महाविद्यालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बाजार ही अंतरे सायकलच्या आवाक्यातली आहेत. तरीही दुचाकी काढली जाते. त्यात आळसाचा वाटा आहे, पण भीतीचा वाटा कमी नाही.

ही भीती निराधार नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यात सुमारे ३२ हजार ८०० पादचारी होते. वाहनाचा वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेच्या विज्ञानात येते. ज्या रस्त्यावर चालणारे आणि वाहने एकत्र असतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा, असा जागतिक आग्रह आहे तो याच गणितातून.

यात सर्वाधिक पणाला लागले आहे ते शाळकरी मुलींचे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या २३ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आहे. योजना चांगली आहे. पण शासन सायकल देते आणि ती चालवायची कुठे हा भाग मुलीच्या बापावर सोडते. महामार्ग ओलांडावा लागत असेल तर बाप सायकल घरी ठेवायला सांगतो, आणि कधी कधी सायकलबरोबर शाळाही घरीच राहते. हॉलंडचे नाव सायकलच्या गप्पांत नेहमी निघते. तिथे सायकलमार्ग परंपरेने आपोआप आले असा आपला समज असतो. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यावर पालक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे धोरण बदलले.

आता साकोलीकडे काय आहे ते पाहा. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले तलाव आणि बोड्या या पट्ट्यात गावोगाव आहेत. आज गोंदिया जिल्ह्यात असलेले नवेगाव बांधही एके काळी साकोली तहसिलीतच मोडत असे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांचे नाव ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे पडले. या प्रत्येक तलावाला पार असते. पार म्हणजे मातीची पाळ : आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच, पावसाळ्यात कोरडी, वाहनांपासून दूर, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला बांध्या. चालण्यासाठी याहून बरी जागा कोणता वास्तुविशारद देणार आहे?

दुसरी सामग्री म्हणजे पांदण. शेतात बैलबंडी नेण्याच्या या वाटा गाव नकाशावर आखलेल्या आहेत आणि त्यांवर लोकांची वहिवाट आहे. मात्र गाव शहर होऊ लागले की सर्वांत आधी मरते ती पांदण. शेताचा लेआउट पडतो, प्लॉट विकले जातात, पांदणीचा अर्धा भाग कुंपणात जातो आणि उरलेल्या अर्ध्यावर कचरा. वीस वर्षांनी त्याच ठिकाणी रस्ता रुंद करायचा म्हणून भूसंपादनाला कोट्यवधी मोजावे लागतात. अतिक्रमित वाट मोकळी करण्याचे अधिकार तहसीलदारांना मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ने दिलेले आहेत. शेतकरी भांडला तर ते वापरले जातात. चालणाऱ्याच्या वतीने भांडायला कोणी जात नाही.

तिसरी जागा उड्डाणपुलाखालची. जलद वाहतूक वरून जाऊ लागल्यावर खालचा रस्ता गावाचा व्हायला हवा होता. तिथे दोन्ही बाजूंना १.८ मीटर मोकळा पदपथ (भारतीय रस्ते परिषदेने ठरवलेले हे किमान माप आहे), ठळक उंचवट्याचे ओलांडमार्ग आणि सेवा रस्त्यावर वेगमर्यादेची सक्ती एवढे केले तरी गावाचे दोन भाग पायी जोडले जातील. नाहीतर पुलाखाली काय होते हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात पाहता येते : वाहनतळ, हातगाड्या आणि नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक.

पार, पांदण आणि पुलाखालचा रस्ता हे तुकडे आहेत. त्यांचे जाळे होईल तेव्हाच त्यांचा उपयोग. पुण्याने हा धडा महागात घेतला. तिथे वर्षानुवर्षे सायकल मार्ग बांधले गेले, पण चौकात आले की संपायचे, पुढे झाड, मग विजेची डीपी, मग उभ्या मोटारी. सायकलस्वाराचा जीव जातो तो नेमका चौकात, म्हणून चौक सोडून बांधलेला मार्ग कोणी वापरत नाही. २०१७ मध्ये पुण्याने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तोवर शहर दुचाकींनी भरून गेले होते.

तलावाच्या बाबतीत एक इशारा दिलाच पाहिजे, कारण ‘सौंदर्यीकरण’ हा शब्द आता नगरपरिषदांच्या तोंडी फार बसला आहे. मुंबई महापालिकेने पवई तलावाभोवती सायकल आणि जॉगिंग मार्ग बांधायला घेतला. दगडांच्या जाळ्या रचून पाण्यालगत भर घातली; पाणी झिरपू देणारी रचना आहे, हानी नाही, असा पालिकेचा दावा होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि बांधलेले काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. साकोलीत असे काही करण्याची गरजच नाही. पार आहे तिथवरच चालावे. तलावाची उथळ, वरच्या अंगाची बाजू हिवाळी पक्ष्यांसाठी आणि ढिवरांच्या मासेमारीसाठी मोकळी सोडावी. तिथे ना फरशी, ना रंगीत दिवे. पारीवर सिमेंट ओतण्याऐवजी मुरूम दाबून घेतला तर पायांना मऊ आणि खर्चाला हलका. आणखी एक बाब, जी वृक्षारोपणाच्या उत्साहात विसरली जाते : मातीच्या पारीच्या माथ्यावर नव्याने मोठी झाडे लावू नयेत, मुळांच्या वाटेने पाणी झिरपून पार कमकुवत होते. सावली हवीच, विदर्भाच्या उन्हात सावलीविना मार्ग म्हणजे चार महिन्यांचा मार्ग. पण करंज, कडुनिंब, चिंच पारीच्या पायथ्यापासून अंतर राखून आणि पांदणीच्या दोन्ही कडांनी लावावेत.

धुराचेही तसेच. वाहत्या महामार्गापासून साधारण १५० ते ३०० मीटर आत गेले की वाहनांतून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण झपाट्याने घटते. वेगाने चालणारा माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा ओढतो, त्यामुळे मार्ग एक शेत आत सरकवला तर व्यायामाचा फायदा फुफ्फुसांना परत द्यावा लागत नाही. उलट टोकाला, पिटेझरीच्या दिशेने जंगलाच्या कडेपर्यंत मार्ग ओढण्याचा मोहही टाळावा. नागझिऱ्याचा बिबट्या आणि अस्वल पहाटे आणि तिन्हीसांजेलाच बाहेर पडतात, आणि फिरायला जाणारेही त्याच वेळी.

पैशाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. केंद्राने २०२० मध्ये सायकलींसाठी स्पर्धा घेतली तेव्हा निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होते आणि प्रत्येकाला एक कोटी रुपये जाहीर झाले. पण ती स्पर्धा स्मार्ट शहरे, राजधान्या आणि पाच लाखांवरच्या शहरांसाठी होती. साकोलीच्या आकाराचे गाव तिच्यात बसतच नव्हते. तरी त्या उपक्रमातली एक गोष्ट छोट्या गावाने उचलण्यासारखी आहे : आधी रंगाचे पट्टे आणि शंकू लावून काही आठवडे करून पाहायचे, लोक वापरतात का ते मोजायचे आणि मगच पक्के बांधायचे. शाळा सुटण्याच्या वेळी एका रस्त्यावर अवजड वाहनांना तासभर बंदी, यालाही फार निधी लागत नाही.

खरी अडचण कारभाराची आहे. लहान मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, पांदण महसूल खात्याकडे, महामार्ग आणि पूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आतले रस्ते नगरपरिषदेकडे. चार कार्यालयांच्या चार फायली एकत्र येण्याची एकच कायदेशीर जागा आहे, ती म्हणजे शहराचा विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखड्यावर कोणीही नागरिक लेखी हरकती आणि सूचना देऊ शकतो. त्या बहुतेक आपापल्या प्लॉटवरचे आरक्षण उठवण्यासाठी येतात. पांदण आणि पार आराखड्यात पादचारी-सायकल मार्ग म्हणून दाखवा, पुढच्या प्रत्येक लेआउटला ती रेषा पाळण्याची अट घाला, अशी सूचना शाळांचे मुख्याध्यापक, उपजिल्हा रुग्णालयातले डॉक्टर आणि पहाटे फिरणारे ज्येष्ठ यांनी मिळून द्यावी. सोबत भूमी अभिलेख कार्यालयातून काढलेली गाव नकाशाची प्रत जोडावी.