भाताची वाफ आणि मावळतीची वेळ

नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; जुलैच्या आरंभी तोच सव्वासातपर्यंत रेंगाळतो. इतरांच्या घरी या सव्वा तासाची दखलही घेतली जात नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात मात्र हिवाळा आला की स्वयंपाकघराचे सारे वेळापत्रक आकसते. दुकान, कचेरी, मुलांच्या शाळा आणि शिकवण्या यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलत नाहीत. सूर्याची वेळ बदलते आणि ती कोणासाठी थांबत नाही.

भुसाराच्या व्यापारातील एका कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. घरात चार माणसे. सासरे साडेपाचला पेढीवरून उठून येतात, मुलगा त्यांच्या मागोमाग येतो. सून एका हिशेबतपासनीसांच्या कार्यालयात काम करते आणि पाचला घरी पोहोचते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. ओट्याशी अर्धा तास उभे राहणे त्यांना आता जमत नाही. पाच ते सहा या एका तासात पोळ्या, भाजी, वरण आणि भात एवढे सर्व एकट्या सुनेने करावयाचे. पोळ्या लाटताना शिट्ट्यांची मोजणी चुकते, भात कधी गिच्च होतो, कधी खाली लागतो. हिवाळ्यात महिन्यातून दोनचार संध्याकाळी तरी असे घडे, की वाफ जिरून कुकर उघडेपर्यंत दिवस बुडे. मग सासूबाई दूध आणि खाकरा घेऊन पच्चक्खाण करून मोकळ्या होत. त्या कधी बोलून दाखवीत नसत. परंतु सुनेला ते लागत असे.

दिवाळीत सुनेच्या भावाने विजेवर चालणारा प्रेशर कुकर भेट दिला. आठ दिवस तो खोक्यातच राहिला. घरात येणारे प्रत्येक यंत्र दोन प्रश्न घेऊन येते, ते कसे चालते आणि ते आपल्या आचारात कसे बसते. दोन्हींचा विचार येथे क्रमाने करणे योग्य ठरेल.

भात शिजविणे ही दिसावयास सोपी, पण माणसाला चुलीशी बांधून ठेवणारी क्रिया आहे. जपानमध्येही हीच अडचण होती. तेथील तोशिबा कंपनीने १९५५ साली पहिला स्वयंचलित विद्युत भातकुकर बाजारात आणला. तो घडविणारे योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुनःपुन्हा भात शिजवून पाण्याची व वेळेची मोजमापे निश्चित करण्यास मदत केली होती. त्या कुकरात दाब नव्हता. आजच्या विद्युत प्रेशर कुकरात आपोआप बंद होण्याची सोय आणि कोंडलेली वाफ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

गॅसवरील कुकरात पूर्ण दाबाखाली पाण्याचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. विजेच्या कुकरात दाब थोडा कमी असतो आणि तापमान साधारणतः ११५ ते ११८ अंशांच्या दरम्यान राहते. खरा भेद मात्र शिट्टीचा आहे. गॅसवरील कुकर ज्योतीची जास्तीची उष्णता शिट्टीवाटे बाहेर टाकतो. विजेच्या कुकरातील संवेदक दाब पुरेसा झाला की वीज तोडतो व उतरू लागला की पुन्हा जोडतो. त्यामुळे वाफ आतच राहते.

सुवासिक तांदळाच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. बासमती, आंबेमोहोर किंवा थायलंडचा जास्मिन या तांदळांच्या सुगंधाचे मुख्य कारण असलेले द्रव्य शास्त्रज्ञांनी १९८२ साली ओळखले. त्याचे नाव २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन. त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि ते वाफेबरोबर सहज उडून जाते. भाताचा घमघमाट शेजारच्या घरापर्यंत गेला म्हणजे आपण समाधान मानतो. परंतु जेवढा सुगंध शेजारी गेला तेवढा ताटातून वजा झाला, हाच त्याचा अर्थ. साठवणीतही हे द्रव्य हळूहळू घटते. जुना बासमती मोकळा शिजतो म्हणून त्याला मान आहे. आंबेमोहोर मात्र मोहराच्या वासासाठी घ्यावयाचा, तेव्हा तो त्याच हंगामाचा असलेला बरा. मुळशी-मावळच्या या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेली इंद्रायणी ही आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेली, म्हणजे त्याच घराण्यातील होय.

आता पाण्याचा हिशेब. उघड्या पातेल्यात एका वाटीला दोन वाट्या पाणी घालण्याची रीत आहे. त्यातील साधारण एक वाटी पाणी तांदूळ स्वतः शोषून घेतो. उरलेले वाफ होऊन जाते. बंद कुकरात वाफ जवळजवळ जातच नाही, म्हणून दुसरी वाटी घातली की भाताची खीर होते. विजेच्या कुकरात प्रथमच भात लावणाऱ्यांची सर्वांत सामान्य चूक हीच.

जुन्या बासमतीसाठी एक वाटी कोरडा तांदूळ मोजून घ्यावा. तो नीट निवडून, गाळलेल्या पाण्याने तीनदा हलक्या हाताने धुवावा, वीस मिनिटे भिजवावा, रोवळीत पूर्ण निथळावा आणि एक वाटी पाणी घालावे. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी भिजविण्याची आवश्यकता नाही. वरण-तुपाबरोबर मऊ भात हवा असल्यास एका वाटीला सव्वा ते दीड वाटी पाणी पुरते. दोन्हींसाठी जास्त दाबावर चार मिनिटांची वेळ लावावी. दोन-तीन वाट्या तांदळाला दाब येण्यास दहा मिनिटे लागतात. ती या चार मिनिटांत धरलेली नाहीत. चार मिनिटे संपल्यावर दहा मिनिटे झाकणाला हात लावू नये, वाफ जिरू द्यावी. घाईने वाफ सोडल्यास पेजेचा फेस तोटीतून उडतो आणि शितेही फुटतात. मग झाकण उघडून भातवाढीने कडेकडेने भात वर-खाली करावा आणि यंत्र बंद करावे.

तांदूळ धुण्यात आळस केला तर सुटा पिठूळपणा तळाशी चिकटतो आणि यंत्र करपण्याची सूचना देऊन थांबते. दुसरी बाब झाकणातील रिंगेची. ही सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसला तरी हिंग असतोच, आणि आमटीचा हिंग त्या रिंगेतून दुसऱ्या दिवशी भातात उतरतो. सुगंधासाठी चढ्या भावाचा तांदूळ आणावा आणि त्याला हिंगाचा वास यावा, हा व्यवहार तोट्याचा आहे. भातासाठी एक रिंग वेगळी ठेवावी. विजेचा खर्च म्हणावा तर एका वेळच्या भातास साधारण पाव युनिटहून अधिक लागत नाही.

येथवर यंत्राची बाजू झाली. आचाराची बाजू त्या घरात एका सकाळी उभी राहिली.

या कुकरांवर दोन कळा मोहात पाडणाऱ्या असतात. पहिली विलंबाची. सकाळी तांदूळ-पाणी घालून ठेवावे आणि संध्याकाळी ठरल्या वेळी यंत्राने आपोआप सुरू व्हावे, अशी तिची सोय. सुनेने कामावर जाताना तांदूळ धुऊन, पाणी घालून, साडेचारची वेळ लावली. घरी येऊन तिने आनंदाने झाकण उघडले.

"आई, आज बघा, भात तयार आहे."

सासूबाईंनी विचारले, "पाणी कधी घातलंस गं?"

"सकाळी नऊला."

सासूबाई क्षणभर थांबल्या. "तुम्ही तिघं घ्या. मला पोळी पुरे."

सून हिरमुसली. एवढी युक्ती करूनही आईंना भात नकोच, असे तिला वाटले. रात्री तिने नवऱ्याजवळ विषय काढला तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे सांगितले, "ती तुझ्यावर रागावलेली नाही. गाळलेल्या पाण्याला वेळ असते, एवढंच."

ही मर्यादा परंपरेनुसार थोडीफार भिन्न आहे. दिगंबर परंपरेत गाळलेले पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटेच घ्यावे, असा नियम आहे. त्यानंतर ते पुन्हा गाळावे. सकाळचे पाणी संध्याकाळपर्यंत कुकरात ठेवणे या नियमात बसत नाही. आणि केवळ श्रद्धेचा भाग म्हणून ही गोष्ट बाजूला सारण्यासारखीही नाही. इडलीचे पीठ ज्या घरात आंबविले जाते तेथे उबेत भिजलेल्या धान्याचे सात-आठ तासांत काय होते, हे वेगळे सांगावयास नको. तांदळाबरोबर येणारे काही जंतूंचे बीजाणू शिजविल्यानेही मरत नाहीत. शिवाय इतका वेळ भिजलेला दाणा मोडतो, तो निराळाच.

दुसरी कळ गरम ठेवण्याची. तीही अशीच फसवी. तास-अर्धा तास ती उपयोगी पडते; पण रात्रीचा भात सकाळपर्यंत ठेवण्यासाठी ती नाही. रात्र उलटलेला भात आपल्याकडे वासी ठरतो. वैद्यकशास्त्रही शिजलेला भात कोमट अवस्थेत फार वेळ ठेवू नये असेच सांगते, कारण त्या बीजाणूंतून वाढलेल्या जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. यंत्राने भात पुरेसा गरम राखला तरी सुगंध उडतो आणि तळ पिवळा पडतो.

विजेच्या सचित्त-अचित्ततेविषयी आपल्या संप्रदायांत मतभेद आहेत. ज्यांचा त्याविषयी नियम असेल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. त्याचा निर्णय स्वयंपाकघरात होऊ शकत नाही.

त्या घरातील प्रश्न मात्र दुसऱ्याच दिवशी सुटला. सुनेने कागद घेऊन उलट हिशेब मांडला. सूर्यास्त सहाला. पाने पाच-चाळीसला मांडावयाची. वाफ जिरण्यास दहा मिनिटे, शिजण्यास चार, दाब येण्यास दहा, म्हणजे थोडी सवड धरून झाकण पाच-दहाला लागले पाहिजे. आणि तांदूळ चार-पन्नासला भिजला पाहिजे. विलंबाच्या कळेची गरजच नव्हती. गरज होती ती चार-पन्नासला घरात असलेल्या माणसाची. सून तेव्हा वाटेवर असे. सासूबाई घरातच असत. परंतु गॅसपाशी उभे राहवत नाही म्हणून स्वयंपाक त्यांच्या हातून सुटला होता.

कुकर ओट्यावरून उचलून जेवणाच्या टेबलावर आला. भिंतीवरील वीजजोड जवळ होता, वर फळी नव्हती, त्यामुळे वाफेची भीती नव्हती. सुनेने झाकणाची खूण आणि कळ दोनदा दाखविली. पहिल्या दिवशी दाब येताना झालेल्या फुसफुस आवाजाने सासूबाई खुर्ची मागे सरकवून बसल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीवर बसून तांदूळ निवडू लागल्या, ताजे पाणी गाळून घेऊ लागल्या आणि पाच-दहाला स्वतः कळ दाबू लागल्या. सून येते तेव्हा तिच्यासाठी पोळ्या आणि भाजी एवढेच उरते. वरण दुपारी सासूबाईच त्याच कुकरात, आमटीची रिंग लावून, शिजवून ठेवतात.

जे सूर्यास्तापूर्वी दोन घटका भोजन आटोपतात त्यांनी हाच हिशेब आणखी पाऊण तास मागे न्यावा. आषाढात तो सव्वा तास पुढे सरकेल. पंचांगातील सूर्यास्ताची वेळ पाहून दर पंधरवड्यास एक चिठ्ठी कुकरजवळ लावून ठेवली, की रोज आठवण करावी लागत नाही.

त्या घरी अशी चिठ्ठी आता लावलेली असते. तिच्यावरील आकडे सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात असतात. गेल्या हिवाळ्यात एकाही संध्याकाळी सासूबाईंना दूध-खाकऱ्यावर उठावे लागले नाही. झाकण उघडताना त्या आवर्जून सुनेला हाक मारतात, "ये गं, वास घे आधी. मग वाढू."