वायदा शिकावयाचा तर

हल्लीं आमच्या वरच्या वर्गांतील व नुकतीच शाळा सोडून गेलेल्या कित्येक मुलांच्या तोंडीं 'फ्यूचर्स' आणि 'ऑप्शन्स' हे शब्द वारंवार येतात. मोबाइलवर दोन-चार व्याख्यानें ऐकलीं म्हणजे विद्या हस्तगत झाली, असा त्यांचा समज दिसतो. हा विषय शिकूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो गणिताच्या तासाला शिकवावा असेंच आम्हांस वाटतें.

आरंभ ॲरिस्टॉटलनें सांगितलेल्या एका गोष्टीनें करावा. जैतुनाचें पीक भरपूर येणार हें ओळखून थेलीस ह्या तत्त्ववेत्त्यानें हिवाळ्यांतच मायलेटस व किऑस येथील सर्व तेलघाण्यांना अल्प विसार देऊन ठेवला. हंगामांत घाण्यांसाठीं झुंबड उडाली, तेव्हां त्यानें ते हव्या त्या भाड्यानें दिले. पीक बुडालें असतें तर केवळ विसार गेला असता. ऑप्शन घेणें तें हेंच: हक्क आहे, बंधन नाहीं. (मुंबईचे जुने व्यापारी ह्यालाच तेजी-मंदी म्हणत.) पण ज्यानें तेजीचा ऑप्शन विकला, त्याचा लाभ विसाराएवढाच, भाव चढत गेला तर तोट्यास मर्यादा नाहीं. फ्यूचर्समध्यें, म्हणजे वायद्यांत, तर दोन्ही पक्ष बांधलेले.

मुंबईस 1875 सालीं कापसाचे वायदे सुरू झाले. कापूस बाळगणारा व्यापारी भाव उतरेल ह्या भीतीनें आधींच वायदा विकून ठेवी व निर्धास्त होई. त्याच्या वखारींत कापूस होता. आमच्या विद्यार्थ्याच्या वखारींत काय आहे? कोणती भीति टाळण्यासाठीं तो हा करार करतो? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेलें नाहीं.

सेबीनें सप्टेंबर 2024 मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनीं हा व्यवहार केला; त्यांपैकीं शेंकडा 93 जणांस तोटा आला, तोही सरासरी सुमारें 2 लाख रुपयांचा. 2023-24 मध्यें व्यवहार करणाऱ्यांत शेंकडा 43 जण तिशीच्या आंतील होते. हे कोणाचे तरी मुलगेच.

म्हणून पैसे मागावयास आलेल्या मुलास पालकांनीं रागें भरूं नये. पुढील उदाहरण पाटीवर सोडवावयास द्यावें. वायद्याचा करार 15 लाखांचा, भरलेली अनामत 2 लाखांची, तीही मित्राकडून उसनी. आठवड्यांत भाव शेंकडा 5 उतरला. अनामतीपैकीं काय उरलें, आणि मित्रास काय सांगावयाचें?